सतरा अंकांचा कंठा

१२३४५६७८९८७६५४३२१.

ही संख्या आधी मोठ्याने वाचून पाहावी. लाख-कोटीच्या रोजच्या सवयीने वाचायला गेलो तर अब्जाच्या पुढे जीभ अडखळते. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. ती हाताशी घेतली की वाचन सोपे होते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद; आणि इथून उतार, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दहा, एक. परार्ध फक्त एका स्थानाने पुढे राहिला.

आमच्या पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत एवढी संख्या कोणत्याही हिशेबपट्टीवर कधी येणार नाही. कांदा, टोमॅटो, द्राक्षे अशी सगळ्या मालाची वर्षाची उलाढाल एकत्र केली आणि ती रुपयांऐवजी पैशांत मांडली, तरीही या संख्येच्या जवळपास पोचता येत नाही. तिचे रुपये करायचे तर एकशे तेवीस लाख कोटींहून जास्त होतात. तरीसुद्धा या संख्येचा माग काढू लागलो की पावले आमच्याच मुलखात पडतात. मुंबई-आग्रा रस्ता आणि जुन्या जी.आय.पी. रेल्वेचा मार्ग, या दोन वाटांच्या आसपास तिच्या घराण्याचे बरेचसे टप्पे सापडतात.

आधी ती तयार कशी होते ते पाहू. नऊ एक ओळीने लिहायचे, १११११११११, आणि त्या संख्येला तिनेच गुणायचे. शाळेत शिकवतात तसा गुणाकार मांडला की प्रत्येक ओळीत तेच नऊ एक येतात, फक्त दर ओळ एका घराने डावीकडे सरकते. टोमॅटोच्या नऊ क्रेटची रांग लावावी, तिच्यावर दुसरी रांग एक क्रेट सरकवून ठेवावी, असे करत नऊ थर रचावेत, तशी ती थप्पी दिसते. आता उभे मोजायचे. उजव्या टोकाला एकच क्रेट, शेजारी दोन, मग तीन, मधोमध नऊ, आणि पुन्हा कमी होत डाव्या टोकाला एक. उभ्या बेरजा म्हणजेच उत्तराचे अंक. सगळ्या बेरजा नऊच्या आत राहिल्या, कुठेही हातचा घ्यावा लागला नाही, म्हणून मांडणीचा आकार उत्तरात जसाच्या तसा उतरला. या संख्येचे सगळे रहस्य त्या न आलेल्या हातच्यात आहे.

पण ही मांडणी कागदावर उतरायला एक अट आहे. दहाचा एक, शंभराचा एक आणि कोटीचा एक हे तिन्ही एकाच चिन्हाने लिहिता आले पाहिजेत, आणि त्यांची किंमत जागेवरून ठरली पाहिजे. ही सोय नेहमीच नव्हती. पिंपळगावहून नाशिक ओलांडून मुंबईकडे निघाले की रस्त्यालगत पांडवलेण्यांचा डोंगर लागतो. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले, दोन हजार एका श्रेणीकडे आणि हजार दुसरीकडे, आणि व्याजाचे दरही कोरून ठेवले: पहिल्या ठेवीवर दरमहा शेकडा एक, दुसरीवर शेकडा पाऊण. हिशेब इतका चोख, पण अंक निराळ्या घडणीचे. एकाचे चिन्ह वेगळे, दहाचे वेगळे, शंभराचे वेगळे, हजाराचे वेगळे. हजाराच्याच चिन्हाला आणखी रेघा जोडल्या की दोन हजार, तीन हजार. त्या पद्धतीत एक आणि अकरा यांचा चेहरा सारखा दिसत नाही. सारखे एक ओळीने मांडण्याची कल्पनाच तिथे सुचली नसती. आपल्या संख्येचे सौंदर्य लिपीतून आलेले आहे, हे त्या लेण्यात उभे राहिले की नीट उमगते.

पुढच्या सहाशे वर्षांत लिहिण्याची रीत बदलली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सामानगडाशी निगडित असलेल्या राष्ट्रकूट दंतिदुर्गाच्या ताम्रपटात शके ६७५ हे वर्ष स्थानमूल्याच्या अंकांत कोरलेले आहे: सहा, सात, पाच, एकापुढे एक, जसे आज आपण लिहू तसेच. याच घराण्यातल्या गोविंद तिसऱ्याचा शके ७३० चा ताम्रपट आमच्या उत्तरेला वणी इथे सापडला. नाशिक देशातले एक गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. या गोविंदाचा मुलगा अमोघवर्ष नृपतुंग. त्याने ८१४ ते ८७८ अशी चौसष्ट वर्षे राज्य केले, राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातले मळखेड. आणि त्याचीच स्तुती आरंभी करून महावीराचार्यांनी ८५० च्या सुमारास ‘गणितसारसंग्रह’ लिहिला.

आपल्या संख्येची थोरली बहीण इथे भेटते.

महावीराचार्य जैन होते, आणि गणित हा विषय त्यांनी ज्योतिषाच्या ग्रंथातल्या एका प्रकरणापुरता न ठेवता स्वतंत्र ग्रंथाचा केला. स्थानांची नावे ते एकापासून महाक्षोभापर्यंत चोवीस देतात. भास्कराचार्यांच्या अठरांपेक्षा सहा जास्त. गुणाकाराच्या उदाहरणांत त्यांनी काही निवडक जोड्या दिल्या आहेत, आणि त्यांच्या उत्तरांना कंठिका, म्हणजे गळ्यातला हार म्हटले आहे. १५२२०७ ला ७३ ने गुणा, आठ एक ओळीने येतात. १२३४५६७९ ला ९ ने गुणा, नऊ एक येतात. १४२८५७१४३ ला ७ ने गुणा, १००००००००१ येते. आणि २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा, उत्तर येते १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढत जाऊन मग क्रमाने उतरणारी, अशा शब्दांत ते या संख्येची ओळख करून देतात.

हे उदाहरण सोडवून पाहावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यात रचणाऱ्याचा हात दिसतो. ४४१ हा २१ चा वर्ग. २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. आणि २१ ला ५२९१ ने गुणले की सहा एकांचा हार येतो, ११११११. शिकणाऱ्याच्या हाती दोन ओबडधोबड संख्या द्यायच्या, त्याने घाम गाळून गुणाकार करायचा, आणि उत्तराच्या जागी अचानक सुबक हार उमटायचा. अशी उदाहरणे योगायोगाने सुचत नाहीत. सहा एकांचे अवयव कुणीतरी आधी सुटे करून ठेवले होते, त्यांची दोन गटांत वाटणी केली होती, आणि मग वर्ग करून धागा लपवला होता. साडेअकराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या शिक्षकाबद्दल मला फार माया वाटते.

याच सहाच्या हाराची आणखी एक खूण आहे. दोन फासे एकदम टाकले तर दोन ही बेरीज एकाच प्रकारे येते, तीन ही दोन प्रकारे, चार तीन प्रकारे, सात सहा प्रकारे, आणि तिथून उतरत बारा पुन्हा एकाच प्रकारे. ओळीने लिहा: १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. फाशाच्या सहा बाजू म्हणजे सहा एक. दोन फासे म्हणजे त्यांचा वर्ग. एकूण प्रकार छत्तीस, आणि महावीराचार्यांच्या संख्येतल्या अंकांची बेरीजही छत्तीस. नऊ बाजूंचे दोन फासे कुणी घडवले तर त्यांची मोजणी आपली सतरा अंकी संख्या सांगेल. तिच्या अंकांची बेरीज नऊ नव्वे एक्याऐंशी.

बाराव्या शतकात भास्कराचार्य येतात. ‘लीलावती’च्या शेवटी अंकपाश नावाचा भाग आहे, दिलेल्या अंकांची उलटापालट करून किती संख्या होतील आणि त्यांची बेरीज किती, याचा. अंकांकडे वस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी तिथे पुढे चाललेली दिसते. चाळीसगावजवळ पाटणे इथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ काढला. त्याला दिलेल्या देणग्यांचा शिलालेख शके ११२८ चा, इसवी सन १२०७ चा आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि मठाला बाजारातून काय काय मिळावे याचा तपशील त्यात दिला आहे. गणिताच्या शाळेचा खर्च व्यापारपेठेने उचलायचा, ही गोष्ट बाजारपेठेच्या गावात राहणाऱ्याला विशेष जवळची वाटते.

मधली शतके मी भराभर ओलांडतो. नवाचा ताळा मात्र सोडवत नाही. संख्येतल्या अंकांची बेरीज करत एका अंकावर यायचे आणि त्यावरून गुणाकार पडताळायचा, ही रीत दहाव्या शतकातल्या दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्ता’त आहे. पेढ्यांवरचे दिवाणजी कॅल्क्युलेटर येईपर्यंत तीच वापरत. अंकांची बेरीज हा नुसता खेळ नाही, संख्येबद्दल ती खरी बातमी देते, हे आपल्या लोकांच्या हाडीमाशी भिनलेले होते. म्हणून पुढची गोष्ट देवळालीत घडली याचे मला नवल वाटत नाही.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, आणि १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही. पुस्तिका पदरच्या पैशाने छापायच्या, गणित परिषदांना स्वतःच्या खर्चाने जायचे. देशातल्या पुष्कळ गणितज्ञांना त्यांचे विषय पोरखेळ वाटत. ते त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी आपले काम सोडले नाही.

जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर डेमलो नावाचे स्टेशन होते. आज त्याला आपण डोंबिवली म्हणतो. कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांचा विचार तिथे सुचला, म्हणून त्यांनी त्यांना डेमलो संख्या असे नाव दिले. अशा संख्येचे तीन भाग असतात: मधल्या भागात एकच अंक पुन्हापुन्हा येतो, आणि डावा व उजवा भाग मिळवले की तोच अंक हाती येतो. १६५ मध्ये एक आणि पाच सहा. ४७७७३ मध्ये चार आणि तीन सात. या कुळातल्या १, १२१, १२३२१ अशा चढत्या-उतरत्या संख्यांना त्यांनी वंडरफुल डेमलो म्हटले. १९३८ साली ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांचा त्यावर लेख आला. पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासह लिहिलेला डेमलो संख्यांच्या सिद्धान्तावरचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला गेला. मान्यखेटचा हार डोंबिवलीच्या फलाटावर पुन्हा हाती लागला, आणि या खेपेला त्याला रेल्वे स्टेशनचे नाव मिळाले. तोच लोहमार्ग पुढे देवळालीवरून आमच्या तालुक्यातल्या कसबे सुकेणे, निफाडकडे येतो आणि पार चाळीसगावला जातो.

कापरेकरांचे नाव जगात झाले ते ६१७४ मुळे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत; अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा; हे करत राहिलात की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४. हे त्यांनी १९४९ च्या मद्रासच्या परिषदेत मांडले. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिल्यावर ते सर्वदूर गेले.

मला मात्र त्यांच्या इतर शोधांचा प्रकाश आपल्या सतरा अंकी संख्येवर टाकून पाहायला आवडते. आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हटले. आपल्या संख्येला एक्याऐंशीने भागा: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. ती हर्षद आहे. एकापासून नऊपर्यंतच्या नऊ वंडरफुल डेमलोंपैकी हा मान तिघींनाच आहे: एक एकाची, तीन एकांची आणि नऊ एकांची. महावीराचार्यांची सहाची संख्या विषम असल्यामुळे छत्तीसने तिला भाग जात नाही.

आणखी एक. नऊ एकांचे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७. वर्गात ते सगळे दुप्पट. त्यावरून आपल्या संख्येचे विभाजक मोजले तर ते भरतात पंचेचाळीस. आणि ४५ ही स्वतः कापरेकर संख्या: तिचा वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे २० आणि २५, मिळवले की ४५. यात विभाजकांचा आणि वर्गाच्या तुकड्यांचा काही खोल संबंध आहे असा दावा मी करणार नाही. पण डोळे उघडे ठेवून चालणाऱ्याला अशा भेटी होतातच.

कापरेकरांच्या डेमलोवरच्या लेखांच्याच काळात, १९४० साली, केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांचे ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ निघाले. रामानुजनना इंग्लंडला नेणारे हे हार्डी. ८७१२ ही आपल्या उलट रूपाची, २१७८ ची, चौपट आहे आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट, अशी उदाहरणे देऊन त्यांनी म्हटले की कोड्यांच्या सदराला हे ठीक आहे, गणितज्ञाचे मन रमावे असे यात काही नाही. त्यांच्या आक्षेपात वजन आहे. दहाच्या पायावर लिहिण्याची सवय माणसाच्या दहा बोटांतून आली; त्या सवयीवर अवलंबून असलेल्या गोष्टीला संख्येचा गुण का म्हणायचे?

डेमलोच्या बाबतीत मात्र हा आक्षेप टिकत नाही असे माझे ठाम मत आहे. आठच्या पायावर लिहायचे ठरवले तर सात एकांचा वर्ग येतो १२३४५६७६५४३२१, आणि तिथे तोच शेवटचा पूर्ण हार असतो. कुठलाही पाया घ्या, त्यापेक्षा एकने कमी इतके एक लिहून वर्ग करा, सगळ्यात मोठ्या अंकापर्यंत चढून उतरणारी संख्या मिळते. बोटे किती यावर फक्त हाराची लांबी ठरते.

नवाच्या पुढे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. दहा एकांचा वर्ग: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधली उभी बेरीज दहा झाली, पहिल्यांदा हातचा आला आणि हार विस्कटला. डाव्या बाजूला बारकाईने पाहा: १२३४५६७९. आठ नाहीसा झाला. हीच ती महावीराचार्यांची, नवाने गुणायला दिलेली संख्या. एकला एक्याऐंशीने भागले तरी दशांशात तीच येत राहते, ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ अशी, आणि कारणही तेच: नवानंतरच्या दहाचा हातचा नवाला शून्य करतो, नवाचा हातचा आठाला नऊ करतो, आणि आठ दिसेनासा होतो. एका ग्रंथात शेजारी ठेवलेली दोन उदाहरणे, एकांचा वर्ग आणि आठ गाळलेली संख्या, एकाच नियमाची दोन टोके आहेत.

नुसत्या एकांच्या संख्यांचे पुढचे घराणे पश्चिमेत वाढले. अल्बर्ट बाइलर यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात त्यांना रिपयुनिट हे नाव दिले. आता प्रश्न असा: यांतल्या मूळ संख्या कोणत्या? दोन एकांची, ११, मूळ आहे. त्यानंतर थेट एकोणीस एकांची, मग तेवीसची. ३१७ एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता १९७७ ची, ह्यू विल्यम्स यांची. १०३१ एकांची सिद्धता विल्यम्स आणि हार्वे डबनर यांनी दिली १९८६ मध्ये. कापरेकर वारले ते त्याच वर्षी. अशा मूळ संख्या अनंत आहेत की कुठेतरी त्यांची यादी संपते, हे आजपर्यंत कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.